बँडच्या कोटातला कॅप्टन

लग्नाच्या बँडचा कोट घालून मी मराठी मंडळाच्या मल्लेश्वरममधल्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत जाऊन बसले, त्याला आता वर्ष होत आलं. अजूनही कुणी ना कुणी विचारतंच, की अक्का, त्या दिवशी तुम्हाला झालं होतं तरी काय? काही झालं नव्हतं. मी पूर्ण शुद्धीवर होते आणि रागात होते. कोट निळा होता, त्याच्या छातीवर सोनेरी गोफ होते, खांद्यांवर झुपके होते, आणि तो माझ्याच मापाचा होता. बँडच्या कापडाचा असला, तरी तो एका फ्रेंच कॅप्टनचा कोट होता.

तेव्हा आधी कॅप्टनचं सांगते. मी नोकरीभर मुलींच्या कॉलेजात फ्रेंच शिकवलं. तिथल्या लायब्ररीत फ्रेंच चरित्रकोशाचे जाडजूड खंड होते आणि माझ्याशिवाय त्यांना कुणी हात लावत नसे. त्यात हा भेटला. त्याचं नाव सांगत नाही. सरदार घराण्यातलं ते लांबलचक नाव त्याच्या गावाबाहेर आता कुणाला ठाऊक असेल असं वाटत नाही. फ्रान्समध्ये क्रांती झाली, उमरावांची डोकी उडू लागली, तेव्हा याचे आईबाप जीव घेऊन सीमेपलीकडे जर्मन मुलखात पळाले. हा तिथेच जन्मला. आई लेस विणून विकायची, बाप भाड्याच्या खोलीत बसून राजा परत यायची वाट बघायचा. पोरगं गल्लीत जर्मन बोलायचं आणि घरात फ्रेंच, पण ते फ्रेंच आईबापांनी पळताना बरोबर आणलेलं, तेवढंच.

पुढे राजा परत आला आणि हाही मिसरूड फुटायच्या वयात मायदेशी पोचला. घोडदळाच्या शाळेत भरती झाला. तिथे पहिल्याच दिवशी तो तोंड उघडतो आणि सगळी वर्गखोली हसते. कारण त्याचं फ्रेंच एका पिढीपूर्वीचं होतं, पेटीत ठेवलेल्या कपड्यांसारखं, आणि मधूनमधून त्यात जर्मन शब्द यायचे. ज्या भाषेसाठी, ज्या देशासाठी आईबापांनी हाल सोसले, त्या देशातली पोरं याला विचारत होती, तू नक्की कुठला?

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून बसले. मला हा माणूस ओळखीचा वाटला.

आमचं घर चामराजपेटेतलं. शिवणकाम करणारं घराणं. पूर्वज दक्षिणेत कधी आणि कशासाठी आले, हे आमच्याकडे दर माणूस वेगळं सांगतो. पण कैक पिढ्या इथे काढूनही घरात मराठी टिकली, कानडीशी मिसळून, तिच्या अंगानं वाढून. शाळेत ती नव्हती, दुकानात नव्हती, रस्त्यावर नव्हती. ती स्वयंपाकघरात होती आणि शिवणयंत्रापाशी होती. मी हे जे लिहिते आहे ती पुस्तकं वाचून कमावलेली मराठी. बोलायला लागले की तोंडातून घरचीच येते आणि तिची मला काडीचीही लाज नाही.

लाज होती ती अण्णाला, माझ्या थोरल्या भावाला. तो अजूनही चामराजपेटेतल्या दुकानात बँडवाल्यांचे कोट शिवतो. तरुणपणी त्याला मराठी मंडळाच्या एका नाटकात काम मिळालं होतं, घरी निरोप घेऊन येणाऱ्या शेजाऱ्याचं. निरोप मरणाचा होता. अण्णानं वाक्य घरच्या वळणानं म्हटलं आणि हॉल हसला. त्यानंतर त्यानं मंडळात मराठी बोलणं सोडलं ते सोडलंच. सणासुदीला यायचा, मागच्या रांगेत बसायचा, जेवायचा, कुणी बोललं तर कानडीत उत्तर द्यायचा. अलीकडे पुण्या-मुंबईहून आलेली आयटीतली मंडळी तर त्याला कानडीच समजतात आणि त्याच्याशी हिंदीत बोलतात. तो ते चालवून घेतो. मला मात्र ते बघून दर वेळी चीड यायची.

तर मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमासाठी मी कॅप्टनवर एकपात्री लिहिलं. आमच्या घरच्या मराठीत लिहिलं. परक्या मुलखात जन्मलेला, मिसळलेली भाषा बोलणारा माणूस, तो आणखी कसा बोलणार? अण्णा आधी म्हणाला, "कशाला ग सुम्ने गलाटा करतीस?" उगाच गोंधळ कशाला, असं त्याचं म्हणणं. पण दुसऱ्याच दिवशी टेप घेऊन माझं माप घ्यायला आला. फ्रेंच घोडदळाची चित्रं मी त्याला दाखवली. त्यानं ती लांब धरून पाहिली आणि म्हणाला, "हे तर आमचंच की." कापड त्याच्याकडे होतंच.

कमिटीपुढे वाचन झालं. चिटणीस पुण्याचा, तिशीतला, सॉफ्टवेअरमधला मुलगा. मुलगा वाईट नाही. मंडळाचं मरणाचं काम करतो. वाचन संपल्यावर म्हणाला, "कंटेंट एकदम मस्त आहे काकू. पण फ्रेंच माणूस का? म्हणजे, लोक रिलेट कसे करतील? शिंद्यांच्या फौजेत फ्रेंच अधिकारी होते ना, तसं काही घालता येईल का?"

मी म्हटलं, "ते त्याच्या आधीचे. हा इकडं कधी आलाच नाही. आला म्हणून कसं सांगू?"

"बरं, ते राहू द्या. भाषेचं काय? थोडी स्वच्छ करून घेऊ. मी पाठवतो करून."

स्वच्छ! जणू घरात पाहुणे येणार आणि मी केर काढलेला नाही.

चार दिवसांनी संहिता फोनवर आली. मी पहिल्यांदा शपथेचा प्रसंग काढला, कारण माझा जीव त्या प्रसंगात होता. तो असा. कॅप्टन मधल्या काळात स्पेनच्या मोहिमेवर गेला, धूळ आणि ताप खाऊन परत आला, बढती मिळाली, लग्न झालं, मुलगा झाला. सगळं मार्गी लागलं. आणि एका उन्हाळ्यात पॅरिसच्या लोकांनी तीन दिवस रस्त्यावर लढून राजाला हाकललं. त्याच्या जागी भाऊबंदांपैकीच दुसरा राजा बसला. सैन्यातल्या प्रत्येक अधिकाऱ्यानं नव्या राजाच्या निष्ठेची शपथ घ्यायची असा हुकूम आला. एक वाक्य. हात वर करायचा आणि म्हणायचं. कर्नल त्याच्या नात्यातला होता. त्यानं कानात सांगितलं, तोंडानं म्हण, मनात काय ठेवायचं ते ठेव, सगळे तेच करताहेत. कॅप्टननं तलवार सोडून टेबलावर ठेवली.

इथे मी त्याच्या तोंडी लिहिलं होतं, "स्वल्प थांबा सायेब. मी हे म्हणणार नाही." स्वच्छ केलेल्या प्रतीत होतं, "क्षमा असावी महोदय, मी ही शपथ घेऊ शकत नाही."

मी जागच्या जागी पेटले. क्षमा कसली? त्यानं क्षमा मागितलीच नव्हती! आणि घेऊ शकत नाही म्हणजे काय, हात दुखत होता का त्याचा? घेऊ शकत होता. घेतली नाही. भाषा धुताना यांनी माणूसच धुऊन टाकला होता.

मी फोन केला. चिटणीस शांतपणे म्हणाला, "काकू, चिडू नका. आपण एक मधला मार्ग काढू. अभिनय तुम्हीच करा. आवाज दुसऱ्या कुणाचा तरी रेकॉर्ड करून लावू. लेखिका म्हणून तुमचं नाव मोठं टाकू. लोकांना कळायला तर हवं ना? नाहीतर उगाच हसतील."

"हसू देत."

"मग मला हा स्लॉट दुसऱ्यांना द्यावा लागेल काकू."

"द्या," मी म्हटलं.

अण्णा शेजारीच बसला होता. कोटाच्या डाव्या बाहीला शेवटचे टाके घालत होता. तो वर न बघता म्हणाला, "एक वाक्य तर बदलायचं होतं. म्हणून टाकायचं." कर्नलसुद्धा हेच म्हणाला होता, मी त्याला सांगितलं. त्याला ते आवडलं नाही. पण बाही पुरी केली.

आता एक गोष्ट खरी सांगते. हा कॅप्टन काही माझा देव नाही. ज्या राजासाठी त्यानं तलवार ठेवली तो हट्टी आणि मंद माणूस होता. लोकांनी त्याला हाकललं ते बरंच केलं. आणि कॅप्टन स्वतः इतका कुळाचा ताठा असलेला की शिंप्याच्या मुलीला त्यानं फाटकाच्या आत घेतलं नसतं. मग मी का त्याच्यामागे लागले? कारण चरित्रकोशात त्याच्या सैन्यातल्या थोड्या वर्षांना दीड पान आहे, आणि राजीनाम्यानंतरच्या अख्ख्या आयुष्याला एक ओळ. उरलेला काळ त्यानं आपल्या जमिनीवर काढला, बस्स. कोशवाल्यांच्या मते तिथे त्याची कारकीर्द संपली. माझ्या मते तिथे सुरू झाली. सांगितलेलं वाक्य म्हणायला कुणीही मिळतं. न म्हटल्यावर रोज सकाळी उठून, घोडा नाही, पगार नाही, मित्र तोंड फिरवताहेत, तसं जगायचं म्हणजे काय, ते मला सांगायचं होतं.

म्हणून त्या एका ओळीच्या जागी मी तिथल्या इतिहासाला धरून लिहिलं. त्याची सफरचंदाची बाग, दर दोन वर्षांनी कीड लागणारी. दर रविवारी जुना कोट घालून चर्चमध्ये जाणं आणि आपल्या ठरलेल्या बाकावर बसणं. मुलगा मोठा होऊन नव्या राजाच्या सैन्यात भरती झाला आणि नवा गणवेश घालून जेवायला आला, तेव्हा बापानं त्याला वाढलं आणि त्या कोटाबद्दल एक अक्षर काढलं नाही. आणि मग गंमत. तो नवा राजाही गेला. प्रजासत्ताक आलं, तेही गेलं, सम्राट आला. ज्यांनी पहिल्यांदा मुकाट्यानं शपथ घेतली होती, त्यांना आता निष्ठेची वाक्यं पुन्हा पुन्हा म्हणावी लागली, कधी याच्या नावानं, कधी त्याच्या. आमचा कॅप्टन एकदाच नाही म्हणून मोकळा झाला होता.

कार्यक्रमाच्या दिवशी मी तो कोट घातला. अण्णा रिक्षात माझ्याशेजारी अंग चोरून बसला होता. "मंदी काय म्हणतील?" म्हणाला. मंदी म्हणजे लोक. मी म्हटलं, "विचारतील. मी सांगेन."

आणि तसंच झालं. पहिल्या रांगेत बसले. स्टेजवर कुणी गाणी म्हटली, कुणी नाच केला. मी टाळ्या वाजवल्या. ज्यांचे कार्यक्रम होते त्यांच्यावर माझा राग नव्हता. पण मध्यंतरात शेजारच्या बाईंनी विचारलंच, हे काय घातलंय? मी सांगायला सुरुवात केली. जर्मन मुलखातल्या खोलीपासून. आमच्या मराठीत, अगदी हुंकार-उद्गारांसकट. कुणी हसलं. मी थांबले, त्यांचं हसून होऊ दिलं आणि पुढे सांगितलं. जेवणाच्या रांगेत आले तेव्हा माझ्यामागे घोळका होता. मसालेभाताशी पोचेपर्यंत राजा पळाला होता. शपथेच्या वेळेला वाढपी हातात डाव तसाच धरून उभा राहिला आणि मागून कुणीतरी ओरडलं, अहो, पुढे सरका. मी ताट खाली ठेवलं, हात मागे बांधले आणि म्हटलं, "स्वल्प थांबा सायेब. मी हे म्हणणार नाही." कुणी हसलं नाही. आणि रांगही सरकली नाही.

चिटणीस तिथेच होता. सगळं ऐकून झाल्यावर जवळ आला. चिडला नव्हता, जरा ओशाळला होता. काहीतरी बोलायचं म्हणून त्यानं कोटाच्या गोफाला हात लावला, माझ्या मागे उभ्या असलेल्या अण्णाकडे वळला आणि नेहमीप्रमाणे हिंदीत म्हणाला, "अंकल, ये कोट बहुत अच्छा है. किधर से लिया?"

मी तोंड उघडलं होतं. अण्णानं माझ्या दंडावर हात ठेवून मला थांबवलं. त्यानं हातातलं ताट टेबलावर ठेवलं, आणि ज्या हॉलमध्ये तरुणपणी त्याचा आवाज बंद झाला होता तिथे, मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाला,

"घेतलो नाही. मी शिवलो. आन् डावी बाही स्वल्प लांब झाली की नाही, ती बी मीच केलो."