ते बघा, उडालं!

धुळ्याचा पितांबर ड्रायव्हर जन्मात कधी विमानात बसला नाही, पण विमानं उडवली मात्र त्यानंच. हसू नका. नव्वद सालाच्या आसपास धुळ्या-जळगावकडून कोणी मस्कतला, दुबईला निघालं, की पितांबरची पांढरी मॅटॅडोर सांगायची आणि अख्ख्या भावकीनं तीत कोंबून बसून मुंबई गाठायची, अशी रीतच पडून गेली होती. जाणारा एक आणि पोचवणारे पंधरा! पोरं मांडीवर, डबे पायांत, टपावर दोरीनं आवळलेली सुटकेस. तिच्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं नाव, गाव, तालुका, जिल्हा सगळं रंगवलेलं. भर मे महिन्यात जाणाऱ्याच्या अंगात स्वेटर, कारण विमानात थंडी असते असं कोणीतरी सांगितलेलं.

मजा होती हो तेव्हा. सहार विमानतळाच्या दाराशी कुंकू, नारळ, गळामिठ्या, रडारड, आणि तिथला शिपाई "बाजूला व्हा, बाजूला व्हा" करून घसा कोरडा करतोय. दोन वर्षांनी तोच माणूस अत्तर, टेपरेकॉर्डर आणि हे एवढं घोंगडं घेऊन परत आला, की बॅगेच्या मुठीला बांधलेली विमानाची चिठ्ठी तो मरेस्तोवर सोडत नसे. बॅगेत पुढे बाजारातून मेथी यायची, पण चिठ्ठी शाबूत.

अडचण एकच होती. आमच्याकडे पोचवायला गेलेलं माणूस एसटी हलेपर्यंत पाठ फिरवत नाही. आधी पाठ फिरवली तर जाणाऱ्याचं भलं होत नाही म्हणतात. एसटीचं ठीक आहे, डोळ्यांसमोर असते. विमानाचं काय करायचं? माणूस आत गेला की काचेपलीकडे गडप. बाया तर जागच्या हलायच्या नाहीत. "इमान उडतांना देखसूत, मंगच जासूत."

पितांबरनं यावर तोडगा काढला. विमानतळाच्या भिंतीकडेला, जिथून विमान डोक्यावरून जाताना दिसतं, अशी एक जागा त्यानं हेरली होती. तिथं गाडी लावायची, सगळ्यांना उतरवायचं, आणि थोड्या वेळानं एखादं विमान वर चढलं की बोट करून ओरडायचं, "ते बघा, उडालं!" झालं. पंधरा हात वर, पदर डोळ्यांना, आणि गाडी धुळ्याच्या वाटेला. ते विमान नागपूरला चाललंय की लंडनला, त्याच्या बापाला ठाऊक. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. पण बायांच्या जिवाला समाधान वाटायचं, आणि पितांबरला त्यात पुण्यच दिसायचं.

एके वर्षी पारोळ्याजवळच्या बेबाबाईचा भटू निघाला. बेबाबाई विधवा, हा एकुलता एक. जळगावात पाइपच्या कारखान्यात फिटर होता, चांगला पंचविशीचा गडी. कुणा एजंटानं त्याला मस्कतची नोकरी लावून दिली होती. गावानं वाजंत्री लावून त्याला वेशीपर्यंत आणला. बेबाबाईनं गाडीत वाटभर त्याचा हात सोडला नाही. दुपारचं विमान होतं. भटू आत गेला आणि त्याला सांगून ठेवल्याप्रमाणे मंडळी भिंतीपाशी येऊन उभी राहिली.

त्या दिवशी पितांबरच्या गाडीचा एक दिवा गेलेला होता. उजेड आहे तोवर कसाऱ्याचा घाट चढून जायचं त्याच्या डोक्यात होतं. भिंतीपाशी पोचून पुरते टेकलेही नव्हते, तोच एक विमान उठलं.

"ते बघा, उडालं!"

"हाईच का, पितांबरभाऊ?" बेबाबाईनं विचारलं.

"हेच अक्का. मी काय आज पहिल्यांदा बघतोय का?"

बेबाबाईनं हात वर केला. विमानाचा ठिपका झाला, ठिपकाही गेला, तरी हात खाली येईना. शेवटी कोणीतरी तिला धरून गाडीत बसवलं.

मग टपालाची वाट पाहणं सुरू झालं. महिना गेला, पाऊसकाळ गेला, कपाशी वेचायला आली, भटूचा शब्द नाही. एजंटाच्या खोलीला कुलूप. गावातली माणसं तोंडावर गोड आणि मागे नाही नाही ते बोलायची. पण बेबाबाई कुणाला बधत नव्हती. "मी मना डोयाघाई देखं शे त्यानं इमान," असं स्वतःच्या डोळ्यांची साक्ष काढून ती ठासून सांगायची. पितांबर पारोळ्यावरून जाताना दिसला की रस्त्यात आडवी यायची. "भाऊ, तू बी देखं ना?" पितांबर मान हलवायचा आणि गाडी पुढे काढायचा. पुढे पुढे तो आडवाटेनं जाऊ लागला.

दिवाळी होऊन गेल्यावर त्याला जळगावच्या एका व्यापाऱ्याचं भाडं मिळालं. सहारला गाडी थांबते न थांबते तोच एक हडकुळा माणूस धावत आला. "सामान उतरवू का, शेठ?" पितांबरनं वर पाहिलं. तो भटू होता.

चहाच्या टपरीमागे नेऊन त्यानं भटूला बसवलं. भटू एकदम रडायलाच लागला. कागद खोटे निघाले होते. विमानतळाच्या आतल्या साहेबानं पासपोर्ट उलटापालटा केला आणि त्याला बाहेरचा रस्ता दाखवला.

"मी भायेर ऊनू तधय गाडी नही," भटू म्हणाला. "भिंतीपावत पयत गऊ. तुमी निंघी जायेल व्हतात."

"अरे, मग घरी यायचंस ना, वेड्या!"

"कसा येऊ? आईनी इमान उडतांना देखं. सारा गावले सांगं व्हई. आते मी पायी पायी गावात जाऊ का? तिले खोटी पाडू का?"

पितांबरच्या मनात एकच येत राहिलं. थोडं थांबलो असतो तर! घाटात अंधार झाला असता, फार तर ठाण्यात मुक्काम पडला असता, एवढंच ना? पोरगं रडत येऊन गाडीत बसलं असतं, आणि रात्री आईच्या हातचं जेवलं असतं. त्यानं भटूला गाडीत ओढायचा प्रयत्न केला. भटू आला नाही. "आईले सांगू नको," एवढंच परत परत म्हणत राहिला.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं पितांबरनं स्वतःला आठ दिवस समजावून पाहिलं. जमलं नाही. अन्न गोड लागेना. नवव्या दिवशी तो सरळ बेबाबाईच्या दारात गेला. "अक्का, मुंबईला चला," म्हणाला. "भटू तिथं आहे." तिनं काही विचारलं नाही. पायांत वहाणा घातल्या आणि निघाली. मालेगाव येईस्तोवर त्यानं सगळं सांगून टाकलं. त्या दिवशीचं विमान, आधीची सगळी विमानं, एकही त्याला ठाऊक नव्हतं हे. बेबाबाई खिडकीबाहेर पाहत होती.

सहारला भटू एका टॅक्सीच्या टपावर पेटी चढवत होता. बेबाबाई खाली जाऊन उभी राहिली. त्यानं पाहिलं, आणि पेटी हातात तशीच राहिली. "ठेव ती," ती म्हणाली. "चाल. घर चाल." गावात काय सांगायचं, असं काहीसं तो पुटपुटला. "मी सांगसू," ती म्हणाली, आणि त्याचा हात धरला तो थेट गावापर्यंत सोडला नाही. पितांबरशी मात्र वाटेत एक शब्द नाही.

दाराशी गाडी थांबली. भटू खाली मान घालून आत गेला. बेबाबाई गाडीशी आली.

"पितांबरभाऊ, इमान कोनतं बी ऱ्हावो. माले काय त्यानं?" ती म्हणाली. "मना पोऱ्या मांगे उभा व्हता रे. माले धुंडत व्हता. आनि मी पाठ फिरवी. तुना सांगावरथून मी त्याले पाठ दाखाडी."

माफी मागावी तर कोणत्या तोंडानं? त्यानं पायांवर डोकं ठेवायला वाकून पाहिलं, तर ती मागे सरली. तो गाडीत बसला, पण चावी फिरवली नाही. ही बाई आत जाऊ दे, मग निघू, असं त्याला वाटलं. आज तरी आपण आधी जायचं नाही.

पण बेबाबाई दारातच उभी. आत भटू जेवायचा खोळंबलेला, आणि ही गाडीकडे तोंड करून खांबाला टेकलेली.

"अक्का, जा ना आत," शेवटी तो काकुळतीला येऊन म्हणाला.

"तू जाय भाऊ," ती म्हणाली. "तू मना दारशी उना शेस. तुनी गाडी हालली का मंगच मी फिरसू."