सर, आदी हात धुवा

फोन नसरीनचा होता. "सर, अब्बा गेले..." एवढंच बोलली आणि तिला हुंदका फुटला. हातातली दुधाची पिशवी तशीच घेऊन मी गेवराईच्या बाजारातून शौकतभाईंच्या घराकडं चालत सुटलो. वीस वर्षांपासूनचा माझा दोस्त गेला होता, तेव्हा मी दुःखाबद्दल लिहायला पाहिजे. पण खरं सांगतो, गेला दीड महिना माझ्या मनात दुःख कमी आणि किळसच जास्त आहे. कुणाकुणाची, तेही सांगतो.

शौकतभाई विहिरीवरच्या मोटारींचं वाइंडिंग करायचे. दिवसभर ग्रीस, तेल, वॉर्निश. हात कोपरापर्यंत काळे. संध्याकाळी दुकान बंद केलं की अंगणातल्या नळाखाली पाऊण पाऊण तास हात घासत बसायचे. आधी बेसन, मग पिवळा साबण, मग नखात काडी. मग आतल्या खोलीत जाऊन शिलाई मशीनच्या जुन्या मोटारीवर बसवलेलं घासायचं चाक सुरू करायचे. हैदराबादहून ओळखीच्या माणसाकडून फिरोज्याचे कच्चे खडे मागवलेले असायचे. खडा लाखेनं काडीला चिकटवायचा, पाण्याची धार धरून चाकावर गोल करायचा, मग वॉटर पेपर आणि शेवटी चामड्याचा तुकडा. एका खड्याला कधी पंधरा दिवस लागायचे. विकायचे मात्र एकही नाहीत. नशिबाचा खडा मागायला कुणी आलं की, "मोटार जळली असंल तर बोल, भरून देतो. नशीब मला भरता येत न्हाई," म्हणून वाटेला लावायचे. मग हे कशासाठी, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "दिवसभर काळं बगतो सर. संध्याकाळी जरा निळं बगावं वाटतंय."

मी पहिल्यांदा त्या खोलीत गेलो तो दिवस मला लख्ख आठवतो. नसरीन तेव्हा माझ्या वर्गात, सातवीत. एकच मोठा खडा मधोमध कापून त्यांनी दोन सारखे थेंब केले होते, तिच्या लग्नातल्या कानातल्यांसाठी, आत्तापासून! मी डोक्याला चांगलं चापून तेल लावून, वाटेत गरम भजी खाऊन गेलेलो. एक थेंब उचलला, बोटात फिरवला, उजेडाला धरला, आणि विज्ञानाचा मास्तर म्हणून तांब्याच्या क्षारांवर लांबलचक भाषणही ठोकलं. शौकतभाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग खडा हळूच माझ्या हातातून काढून कापसात ठेवला. दुसऱ्या दिवसापासून दारातच ठरलेलं वाक्य, "सर, आदी हात धुवा." मला वाटायचं, यांचा आपला सोवळ्यासारखा काहीतरी नाद. चिडवायचोसुद्धा, "काय शौकतभाई, नमाजाला चाललो का मी?" ते नुसते हसायचे.

नसरीनचं लग्न झालं. तिच्या कानात सोन्याचं पाणी दिलेले साधे झुमके होते. मी भर मांडवात, चार लोकांत म्हणालो, "कुठं गेले हो तुमचे निळे थेंब? घासायचा कंटाळा आला की काय?" शौकतभाई म्हणाले, "ऱ्हाऊन गेलं सर... चला, जेवून घ्या."

आता किळसेचं. तिसऱ्या दिवशी, जियारतीच्या दुआला, त्यांचे मेहुणे सादिकभाई यांनी खड्यांचा डबा उघडला. मेलेल्या माणसाच्या हातची चीज म्हणून सगळ्या खड्यांना अत्तर चोळलं. खडे काय मस्त चमकले तेव्हा! चाळिसाव्याला गेलो तर दारात ही गर्दी. खडे हिरवे पडले होते. हिरवे! "करामत हाय सर, शौकतभाई वली होते, संत होते," म्हणत लोक डब्यात हात घालत होते, खडे डोळ्याला लावत होते. आमच्या गल्लीतले ज्योतिषीबुवाही हजर, "हिरवा झाला म्हणजे बुध पावला" म्हणून स्वतःच्या बोटांच्या बेचक्यात एक अडकवून बसलेले. शी! ज्या माणसानं जन्मभर नशिबाचं दुकान दारात उभं राहू दिलं नाही, त्याच्याच घरात दोन्हीकडचे मिळून दुकान मांडून बसले होते. ओरडलो मी. "अक्कल गहाण टाकली का रे? अत्तरात तेल असतं, ते मुरलं की फिरोजा हिरवा पडतो! नासवलेत तुम्ही सगळे खडे, नासवलेत!" हे मला कुणी शिकवलं होतं? शौकतभाईंनीच, कधीतरी बोलता बोलता. तरी मला काही सुचलं नव्हतं.

नसरीन मला आतल्या खोलीत घेऊन गेली. चाकाशेजारच्या फळीवरून तिनं गोळ्यांची छोटी डबी काढली. कापसात दोन थेंब. एक निळा. दुसरा शेवाळासारखा हिरवा, आणि त्यावर बोटाच्या ठशासारखा काळपट डाग.

"ह्याला सादिकमामूनं अत्तर लावलं का?" मी विचारलं.

"न्हाई सर. ह्यो मी सातवीत असतानाचा हाय." ती खाली बघत होती. "अब्बा जोडीचा दुसरा खडा लई हुडकत होते. तसा गावलाच न्हाई. म्हणले होते, सरांना कदी सांगू नको, त्यांना वाईट वाटंल."

बाहेर ज्यांच्यावर थुंकत होतो ते सगळे एकदम सज्जन वाटायला लागले. त्यांनी निदान प्रेमानं तरी चोळलं होतं. आणि मी त्या पोरीच्या लग्नात... त्या मांडवात... जाऊ द्या.

ती डबी माझ्यापुढं धरून उभी होती. मी हात पुढं केला, तसाच मागं घेतला आणि अंगणात नळाशी गेलो. पिवळ्या साबणाची वडी अजून तिथंच होती, त्यांच्या बोटांनी मधोमध झिजलेली. नसरीन मागं येऊन उभी राहिली.

"सर, आता कावून धुताव?"

मी धूतच राहिलो.