कारल्याच्या मांडवाची पहिली मेढ

दीड वर्षापूर्वी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तेल्हारा तालुक्यातल्या आमच्या वावरातला कारल्याचा मांडव पडला. कारली तोडणीला आली होती. वारा फार नव्हता.

मांडव वहिनीनं उभारलेला. त्याआधी त्या जागेत पऱ्हाटीच, म्हणजे कपाशीच, असायची. भावानं तिला आणखी एक हंगाम दिला. पुन्हा पडला तर तिथं पऱ्हाटी.

मी अकोल्याला वर्तमानपत्रात काम करतो. सुटीत गेलो तेव्हा वहिनी बाभळीच्या मोडक्या खांबांचे बुंधे उपटून ओळीनं मांडत होती. बुडाला डांबर लावलं होतं, तो भाग शाबूत होता. सगळे खांब जमिनीलगत मोडले होते. तिथं ओल मुरली होती आणि सालीआडून उधई, म्हणजे वाळवी, शिरली होती.

"पाय धडधाकट, घोटे गेले," वहिनी म्हणाली.

उन्हाळ्यात नवे खांब आणले. त्यांची साल काढली, सावलीत वाळवले, बुडाकडचा भाग आगीवर वरवर जाळला. डांबर या खेपेला जमिनीच्या वर वीतभर येईल असं लावलं.

पहिल्याच खांबाशी काम अडलं. आमच्या घरी मांडव लग्नाचा असो की भाजीचा, पहिल्या मेढीची पूजा होते. काळा खांब पाहून आई खड्ड्याच्या काठावर उभी राहिली.

"जळकं लाकूड मसनात असते. हे एक तरी कोरी राहू द्या."

"कोरी ठेवली त पयले हेच पडन, आई. साऱ्या तारा हिच्यावरच ताणायच्या हायेत," वहिनी म्हणाली.

"पूजेच्या लाकडाले उधई लागत नाई."

"काहून? उधई पंचांग पाहून येते का, माय?" भावानं विचारलं.

"तू चूप बस. तू त पऱ्हाटीचीच वाट पाहून राहिला."

वहिनीनं गोठ्यातून एक बुंधा आणून आईच्या हातात दिला. त्याच्या वरच्या अंगाला पूजेचा दोरा अजून होता.

"हे मांगच्या सालची. पूजा तुमीच केली होती."

आईनं दोऱ्याजवळ अंगठा दाबला. लाकडाचा भुगा झाला. मग पूजेच्या ताटातली मूठभर हळद तिनं नव्या खांबाच्या ओल्या डांबरावर थापली. हळद पक्की चिकटली.

"गाडा आता," ती म्हणाली.

खड्ड्यांच्या तळाशी मुरूम टाकला. पाणी थांबू नये म्हणून खांबांभोवतीची माती उतार देऊन दाबली. त्या पावसाळ्यात वावरात दोनदा पाणी साचलं. मांडव उभा राहिला.

दिवाळीनंतर भावानं प्रत्येक खांबाजवळची माती उकरून लाकडात पेचकस टोचून पाहिला. धुऱ्याकडच्या, बांधालगतच्या, एका खांबावर उधईची माती चढली होती. ती खरवडली; खालचं लाकूड टणक निघालं. बाकीचे खांबही टणक होते.

संक्रांतीनंतर त्यानं शेजारच्या पट्ट्यातली पऱ्हाटी उपटली. तिथं आता दोडक्याच्या मांडवासाठी खड्डे खणले आहेत.