माइक, हेडफोन आणि एकच भोक

किश्श्यांना जागा लागत नाही, म्हणून ते साठत जातात. जुनं जाळं टाकून देता येतं, ओटीवर घडलेलं टाकता येत नाही. आमच्या ओटीवर आम्ही तिघं जाळी सांधायला बसतो. मी, शेजारचे हुसैनभाई आणि माझी धाकटी बहीण यसू. यसू बंदरावर मासळीचा लिलाव पुकारते. शाळा आम्ही तिघांनी बाहेरूनच पाहिली. पण माझी नात प्रणाली कॉलेज शिकली, आणि ओटीवर लॅपटॉप आला!

*

एक संस्था रोज सकाळी होडीवाल्यांच्या फोनवर हवामानाचा निरोप पाठवते. तो बोलायला त्यांना आमच्या भागातला आवाज हवा होता. प्रणालीने अर्ज केला. परीक्षा घरूनच, लॅपटॉपवर मॅडमशी बोलून.

हुसैनभाई हसले. जन्मात त्यांनी कुणाचं हवामान ऐकलं नाही. "सांगनाऱ्यानं दर्या बघितलाय काय कधी?"

"मी बघितलाय ना, चाचा!"

"तू आधी पास तर हो!"

*

लॅपटॉपच्या आतल्या माइकात ओटीचा सगळा वारा घुसायचा. म्हणून प्रणालीने मैत्रिणीचा माइक आणला. ऐकायला हेडफोन घरात होताच. वायरी दोन, आणि लॅपटॉपला भोक एकच!

यसू वाकून बघत म्हणाली, "येवढी म्हाग वस्तू, आन कान-तोंड एकच?"

*

हुसैनभाईंनी तोड काढली. होडीवरच्या वायरलेसवर बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. तसंच करू!

प्रणालीने पनवेलच्या भावाला कॉल लावला. माइक लावून बोलली, उपटला, हेडफोन खुपसला. तोवर त्याचं बोलून झालेलं!

"त्याला सांग, संपलं की ओव्हर म्हन," हुसैनभाई म्हणाले.

"चाचा, परीक्षा घेणाऱ्या मॅडम ओव्हर म्हणणार न्हाईत!"

*

मग मी एसटीने मुरुडला गेलो. दुकानदाराला म्हटलं, "एकाची दोन भोकं करनारी वायर द्या." त्याने दिली. घरी लावली, तर ती दोन हेडफोनांची निघाली! प्रणाली आणि यसू दोघींना ऐकू येतंय, बोलता कुणालाच येत नाही. यसूने जन्मात पहिल्यांदा नुसतं ऐकून घेतलं!

दुसऱ्या दिवशी माइक, हेडफोन दोन्ही पिशवीत घालून परत गेलो. दुकानदाराने नवी वायर दाखवली. पिनेवर तीन काळ्या रेघा, एका भोकाशी माइकचं चित्र, दुसऱ्याशी हेडफोनचं. मला घाई नव्हती. म्हटलं, "इथंच लावून दाखवा." त्याने आपल्या लॅपटॉपला लावली, मला बोलायला सांगितलं, आणि माझंच बोलणं माझ्या कानात ऐकवलं.

मला वाटलं, माझा बाप बोलतोय.

*

परीक्षेच्या दिवशी प्रणालीने सगळ्यांना तंबी दिली, "ओटीवर एक आवाज नको!"

ती खोलीत बसली. आम्ही बाहेर जाळं मांडीवर घेऊन गप्प. यसूने दुपारसाठी ठेवलेला पापलेट झाकायचा राहिला होता. मांजर आलं. पापलेट तोंडात धरला. यसूकडे बघितलं. यसूने मांजराकडे बघितलं. जिचा आवाज अख्ख्या बंदराला पुरतो, ती हूं की चूं न करता बसून राहिली, आणि मांजर सावकाश पायऱ्या उतरून गेलं!

त्या दिवशी आम्ही वरण-भात जेवलो. चार दिवसांनी फोन आला, प्रणाली पास. संध्याकाळी यसूने त्याच मांजराला बांगडा घातला.

*

आता रोज सकाळी प्रणालीचा निरोप येतो. मला फोन वापरता येत नाही, म्हणून मी बंदरावर जाऊन दुसऱ्यांच्या फोनवर ऐकतो.

परवा हुसैनभाईंची होडी निघायच्या बेतात होती. बर्फ भरला होता, डिझेल भरलं होतं. तेवढ्यात त्यांच्या खिशातून प्रणाली बोलली, "दुपारनंतर वारा वाढेल. होड्या बाहेर काढू नका."

हुसैनभाईंनी वर बघितलं. एक ढग नाही. दर्याकडे बघितलं. मग खलाशांना म्हणाले, "बर्फ उतरवा."

मी विचारलं, "का हो हुसैनभाई? दर्या तर ताटासारखा हाय!"

दोर खांबाला बांधत ते म्हणाले, "पोरगी नको म्हनली."