टाकीत सोडलेला कंदील

दोर हातात दिला नाही. फेकला. माझ्या नवऱ्याच्या पायाशी येऊन पडला आणि ठेकेदार ओसरीवरून म्हणाला, "बांध कमरेले अन् उतर."

वडशातल्या लाकडाच्या ठेकेदाराचा नवा बंगला. गावातला पहिला टाकीचा संडास. तोवर आम्ही दोघं नवराबायको रोज मागच्या दारानं जाऊन त्यांची घाण पाटीत भरायचो, डोक्यावर वाहायचो. टाकी झाली तेव्हा वाटलं, सुटलो.

टाकीसाठी रेती मीच वाहिली होती. नागपूरहून आलेला मिस्त्री बोलका होता. त्यानं सांगितलं, या टाकीत डोळ्याला न दिसणारे जीव असतात, तेच घाण खातात. फिनेल ओतलं की ते मरतात. दोन-तीन वर्षांनी झाकण उघडून, लांब बांबूला बादली बांधून गाळ उपसायचा. आत कोणी उतरायचं नाही. मी शाळा पाहिली नव्हती, पण कान शाबूत होते.

ठेकेदाराच्या आईला मात्र अंगणात घाण साठते हेच सहन होईना. सोवळं कडक. रोज आंघोळ झाली की संडासात बादलीभर फिनेल ओतायला लावायची, टाकी शुद्ध राहावी म्हणून. मी दुरूनच मिस्त्रीचं बोलणं सांगून पाहिलं. म्हातारी म्हणाली, "घाण काढनारी मले शुद्धी शिकवून राह्यली का?" आणि मी उभी होते तिथं पाणी शिंपडायला लावलं. मी मान खाली घालून परतले. त्या मान खाली घालण्याचा मला अजून राग येतो.

वर्ष झालं नाही तोच टाकी तुंबली. घाण उलटी संडासात चढली. आता बोलावणं आम्हालाच.

झाकण सरकवलं तसा वास डोक्यात गेला. मी बांबू-बादलीचं म्हटलं. तेवढा वेळ नाही, ठेकेदार म्हणाला, संध्याकाळी जंगलखात्याचे साहेब जेवायला येणार आहेत. नवऱ्यानं दोर कमरेला बांधला. मी म्हटलं, थांब.

माझा बाप विहिरीतला गाळ काढायचा. दिवा सोडून पाहिल्याशिवाय तो जुन्या विहिरीत कधी उतरला नाही; दिवा विझला तिथं माणूसही गुदमरतो, म्हणायचा. मी गड्याकडून कंदील मागितला, पेटवला, दोराच्या दुसऱ्या टोकाला बांधून टाकीत सोडला. दोन हात खाली गेला नाही तोच विझला. पुन्हा पेटवला. पुन्हा विझला.

ठेकेदार हसला. "दिवा इजला त काय झालं? थो माणूस हाय, दिवा नोहे."

आजवर त्यानं आम्हाला कधी माणूस म्हटलं नव्हतं. मरायला पाठवताना म्हटलं.

माझ्या अंगाची आग झाली. मी म्हणाले, "माणूस हाय म्हनूनच उतरत नाई. फिनेल तुमच्या मायनं ओतलं. तुम्हीच उतरा."

गावात काम मिळू देणार नाही, म्हणाला. मी नवऱ्याच्या कमरेची गाठ सोडली. भिजून घट्ट बसली होती घामानं, दातांनी सोडली. दोर तिथंच टाकला.

काम गेलंच. तो उन्हाळा आम्ही मोहफुलं वेचून काढला. उपास पडले, ते लपवत नाही. पण पाटीला मी पुन्हा हात लावला नाही.

पोरांना एवढंच बजावलंय. तुमच्या कमरेला दोर बांधायला कोणी आला, तर आधी त्यालाच टाकीच्या तोंडाशी उभा करा. आणि कंदील त्याच्या हातात द्या.