डाव्या चाकाची जबानी

ती जुनी पांढरी गाडी आजही नजरेसमोर येते. डावं पुढचं चाक रस्त्याखाली उतरलेलं, त्याच्यापुढे वाकडी झालेली सायकल, आणि दोन्ही बाजूंना कापणीला आलेला धान. मुलांनो, तुम्ही फोनवर विचारता, "आजी, तुझी सगळ्यात मोठी केस कोणती?" मोठी कोणती ते सांगता येणार नाही. मनात राहिली ती ही. नावं मात्र कोणाचीच सांगणार नाही.

तेव्हा पवनी तालुक्यातल्या एका ठाण्याचा चार्ज माझ्याकडे होता. सकाळची हजेरी घेऊन मी स्टेशन डायरी वाचत होते, तेवढ्यात फोन वाजला.

"अपघात झाला म्हणतीन, मॅडम, पण अपघात नोहे. मोठ्यानं लहान्या भावाले मुद्दाम उडवलं. पाटाच्या पाण्यावरून दोघायचं वरीसभर बोलणं बंद आहे."

नाव विचारताच फोन बंद झाला. निनावी खबर खोटी धरायची नाही आणि खरीही धरायची नाही; नोंद करायची आणि निघायचं. आम्ही तसंच केलं.

जखमीला आधीच भंडाऱ्याला हलवलं होतं. मोठा भाऊ गाडीजवळ मान खाली घालून उभा होता. माझा हवालदार वाकून गाडी पाहत होता. तो एकदम ओरडला आणि बोट तोंडात घालून मागे सरला.

"चाकाले हात नका लावू, मॅडम! तवा होऊन राहिला हा. भाकर टाका वाटलं तं."

उजव्या चाकाला मी हात लावून पाहिला. ते जेमतेम कोमट होतं. डाव्या चाकातून जळका वास येत होता आणि रस्त्यावर काळा ओरखडा एकच होता, तोही डाव्या बाजूचा. मला गाडी चालवता येत होती, पण तिच्या पोटातलं काही कळत नव्हतं. कळत नसलं तरी पंचनाम्यात तिन्ही गोष्टी लिहून घेतल्या.

दवाखान्यात लहान्याचा पाय दोन ठिकाणी मोडलेला निघाला. तो ठामपणे म्हणाला, "त्यानं माह्याकडे पाह्यलं, मॅडम, आन गाडी माह्यावर घातली." जुना वाद, जखमीचा स्पष्ट जबाब, वर गावातून आलेली खबर. खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा लावायला एवढं पुरेसं होतं. मोठ्याला अटक करायची की नाही, हे आता माझ्यावर होतं.

ठाण्यातल्या बाकावर तो एकच वाक्य बोलत राहिला. "म्या ब्रेक मारला, गाडी आपोआप डावीकडे गेली."

हवालदार म्हणाला, "सगळ्यायची गाडी आपोआपच जाते, भाऊ. मारणारा कोणी नसतेच."

"मग मी दुसरं काय सांगू? खोटं सांगू का?"

तपासणी होईपर्यंत अटक थांबवायची, असं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी मोटार वाहन निरीक्षक आले आणि त्यांच्यासमोर, पंचांच्या साक्षीने, तालुक्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने गाडी उघडली. मोठ्यालाही बाजूला उभं केलं होतं. मिस्त्रीने पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचलली. उजवं चाक एका बोटाने गरगर फिरलं. डावं दोन्ही हातांनीही हलेना.

"कॅलिपर, म्हणजे ब्रेकचा चिमटा, जाम आहे," तो म्हणाला. "आता काहून जाम आहे, ते पाहू." त्याने ब्रेक ऑइल सोडायचा निपल सैल केला. तरी चाक सुटलं नाही, म्हणजे पाइपात दाब अडकलेला नव्हता. मग पिस्टन दाबून पाहिला, तो मुकाट मागे गेला. शेवटी राहिल्या त्या दोन पिना, ज्यांच्यावर कॅलिपर पुढेमागे सरकतो. त्या गरम करून, हातोडीने ठोकून काढाव्या लागल्या. त्यांच्यावर तपकिरी, डिंकासारखा थर बसला होता. आतलं ब्रेक पॅड घासून पत्रा उरला होता.

हवालदाराने पिन हुंगली. "मॅडम, हे जवसाचं तेल होय. आमच्या घरी दाराले लावत."

"तेच त्!" मिस्त्री कपाळाला हात लावून म्हणाला. "लाकडाचं तेल लोखंडाले लावलं! तापलं आन चिकटलं. मंग ब्रेक मारला का डावंच चाक धरते, आन गाडी तिकडेच ओढते. हे तं लाखेनं सील केल्यासारखं झालं."

मी मोठ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता. खरं तर त्याला हायसं वाटायला हवं होतं. तो घाईने म्हणाला, "तेल म्याच लावलं. लिहून घ्या."

खरं सांगणारा माणूस आठवायला जरा थांबतो. हा थांबला नाही. शिवाय उजव्या बाजूच्या पिना मिस्त्रीने उघडल्या, तर त्यांवर योग्य ते ग्रीस होतं आणि तेही आपणच भरल्याचं मोठ्याने सांगितलं. एका चाकाला ग्रीस भरणारा माणूस दुसऱ्याला जवस लावणार नाही. तो कोणालातरी पाठीशी घालत होता.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. दोघांचे वडील ओसरीवर दोर वळत बसले होते. मी तेलाचं विचारलं, तर म्हातारा खुलला.

"म्याच लावलं ना, बाई! पोरानं चाक खोललं होतं. ग्रीस सरलं म्हणून दुकानात गेला. पिना पोत्यावर कोरड्या पडल्या होत्या. आमच्या बैलबंडीले, नांगराले, साऱ्यायले जवसच लावतो मी. पोरगा आला तं म्हटलं, झालं बाबू तुह्यं काम." मग दोर थांबला. "काहून? त्यानं काई बिघडलं का?"

जबाब वाचून दाखवून सही घ्यायची असते. कशावर सही करतो आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याची सही मी घेतली नसती. म्हणून सांगितलं: लाकूड हे तेल पितं, लोखंड पीत नाही.

दोर खाली ठेवून त्याने आपल्या हातांकडे पाहिलं. "म्हणजे लहान्याचा पाय म्या मोडला."

अंगणात मोठा उभा होता. एवढ्या चौकशीत पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "कायले सांगितलं त्यायले? त्या दिवशी तेल पुसाचं मन नाही झालं माह्यं, बाबा खूश होते. मलेच नेलं असतं तं चाललं असतं!"

मी जबाब म्हाताऱ्याला वाचून दाखवला आणि सही घेतली.

दुसऱ्या दिवशी लहान्याचा पुरवणी जबाब घेतला. तेलाचं काहीच न सांगता आधी विचारलं, "त्याने तुझ्याकडे पाहिलं, म्हणजे नेमकं काय दिसलं?"

"तोंड दिसलं."

"कसं?"

तो भिंतीकडे वळला. "भेलेलं. हातानं मले सरक-सरक करत होता."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"राग होता, मॅडम."

मग मी सगळं सांगितलं. त्यावर त्याचा एकच प्रश्न आला. "बाबा जेवले का?"

त्या केसने मला दोन गोष्टी शिकवल्या. माणसाला विचारण्याआधी यंत्राला विचारावं. त्याला कोणाचा राग नसतो. आणि गप्प बसलेला प्रत्येक माणूस स्वतःसाठी गप्प नसतो. म्हाताऱ्याला सांगितलं ते बरोबर केलं का, हे मात्र आजही ठरवता येत नाही. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा सांगेन, एवढंच.

मुद्दाम उडवल्याचा आरोप गळला आणि रीतसर आदेशाने गाडी सुटली. मिस्त्रीने पिना घासून साफ केल्या, रबरी टोप्या नवीन बसवल्या, दोन्ही बाजूंचे पॅड बदलले. पायाला प्लास्टर असलेला लहाना शेवटच्या सहीसाठी ठाण्यात आला, तेव्हा वडील आणि भाऊ त्याच गाडीने त्याला घ्यायला आले.

हवालदाराने चिडवलं, "ॲम्ब्युलन्स बोलवू का बे? या गाडीत बसतं तू?"

"कायले? घरची गाडी आहे ना."

पाय लांब करता यावा म्हणून म्हाताऱ्याने मागचं दार उघडून धरलं होतं. लहान्याने मान हलवली. "तुम्ही मागं बसा, बाबा. मी समोर बसतो."

मोठ्याने समोरची सीट पार मागे सरकवली, खाली वाकला आणि भावाचा प्लास्टरचा पाय दोन्ही हातांनी उचलून आत ठेवला.

"दुखते का?" त्याने विचारलं. वर्षभरातला तो पहिला शब्द.

"हळू चालव, म्हणजे नाही दुखणार."

फाटकापाशी मोठ्याने ब्रेक लावला. गाडी सरळ थांबली.