पिशवी वीतभर वर

मामांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कमरेखाली मी उरलोच नव्हतो. भूलवाल्या मॅडमनी पाठीत सुई देऊन माझा खालचा भाग जप्त केला होता आणि वरचा भाग ऑपरेशनच्या टेबलावर आढ्याकडे बघत पडला होता. तेवढ्यात आढ्याच्या आणि माझ्यामध्ये एक माणूस उगवला. आडवं पडून पाहिलं की कोणीही उंच दिसतो हे मान्य, पण मामा मला विजेच्या खांबाएवढे वाटले. हात तर असे की इथून न हलता रस्त्यापलीकडच्या दुकानातून काडेपेटी आणावी. पुढे उभ्याने भेटलो तेव्हा ते माझ्या खांद्याला लागले.

वाढलेली प्रोस्टेट दुर्बिणीतून खरवडताना आतलं रक्त धुऊन निघावं म्हणून पाण्याच्या पिशव्या स्टँडवर टांगतात. त्या टांगायच्या, संपल्या की बदलायच्या, सांगितलं की स्टँड वरखाली करायचा, हे मामांचं बावीस वर्षांचं काम. मला खरवडत होते मोठे डॉक्टर, माझे शाळेतले मित्र. मध्येच ते म्हणाले, "मामा, सगळं लाल झालं. पिशवी वीतभर वर."

"हो साहेब."

मामांनी स्टँडचा स्क्रू सैल केला. बैलगाडी चढावर लागावी तसा आवाज झाला. मग स्क्रू आवळला.

"हां, आता कसं स्वच्छ दिसतंय," मोठे डॉक्टर म्हणाले.

पिशवी होती तिथेच होती. मला बघायला दुसरं काही नव्हतंच, मी तिच्यावरच नजर लावून होतो. म्हटलं, भुलीचा परिणाम असेल.

दोन महिन्यांनी मोठ्या डॉक्टरांनी मला हॉस्पिटलात बोलावलं. तिथे हे ऑपरेशन करणारे तीन सर्जन आणि तिघांच्या तीन तऱ्हा. एक मधून सुरुवात करी, दुसरा उजवीकडून, तिसरा त्या दिवशी मनात येईल तिथून. शिकाऊ डॉक्टर चक्रावून गेले होते. म्हणून आता एकच पद्धत ठरवायची, दहा पायऱ्या कागदावर मांडायच्या आणि कागद भिंतीवर लावायचा. भाषा सुधारायला, शाळेपासून निबंध बरे लिहितो म्हणून, मी. दोन तास तिघे एकमेकांचे वाभाडे काढत होते. भांडण न होता मंजूर झाली ती एकटी चौथी पायरी: 'दिसेनासं झालं की पिशवी वीतभर वर घ्यावी.'

"पण ती तर हलत नाही," मी म्हणालो. ही जीभ मला कधीतरी गोत्यात आणणार असं आई म्हणायची. त्या दिवशी जिभेने दुसऱ्यालाच आणलं.

तिघेही माझ्याकडे असे बघू लागले की मला वाटलं, पुन्हा टेबलावर घेतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टँडला मोजपट्टी बांधली. पाच ऑपरेशनं झाली, एकोणीस वेळा 'वर' म्हणून झालं, एकोणीस वेळा स्क्रू कण्हला. पिशवी बोटभरही हलली नाही.

मामांना बोलावलं. मोठ्या डॉक्टरांचा चेहरा, तुमच्या हातचा चहा मला कधी आवडलाच नाही असं बायकोने पंचवीस वर्षांनी सांगितल्यावर होतो, तसा झाला होता.

"मामा, कधीपासून चाललंय हे?"

"सतरा वर्षं, साहेब. आधीची पाच वर्षं खरंच वर घेत होतो."

"मग काय झालं?"

"एक आजोबा होते. तुम्ही चौथ्यांदा वर घ्यायला लावली आणि ते टेबलावरच बरळायला लागले. मला आई म्हणाले. भूलवाल्या मॅडम म्हणाल्या, दाबाने पाणी रक्तात शिरलं, पिशवी एवढी वर न्यायची नाही. मी तुम्हाला दोनदा सांगून पाहिलं. तुम्ही म्हणालात, डॉक्टर कोण, मी की तुम्ही?"

मोठे डॉक्टर खुर्चीत बसले. खुर्ची मागे होती हे नशीब.

"पण मला दिसायचं, मामा. दर वेळी स्वच्छ दिसायचं."

"आवाज ऐकला की तुम्ही हात थांबवता, साहेब. तेवढ्यात पाणी आपोआप निवळतं. हात चांगला आहे तुमचा. घाई जरा जास्त."

"हुकूम मोडलाय सरळसरळ," उजवीकडून सुरुवात करणारे म्हणाले. "चौकशी लागली तर पेन्शन जाईल."

मामांच्या निवृत्तीला चौदा महिने होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला माझीच जीभ गिळावीशी वाटली.

चौकशी लागली नाही. ती लागली असती तर सतरा वर्षं तीन सर्जनांच्या काय लक्षात आलं नाही, तेही लिहावं लागलं असतं. चौथी पायरी तेवढी बदलली: 'दिसेनासं झालं की हात थांबवावा. तीसपर्यंत मोजावं. पिशवीला हात लावू नये.' मामांनी सतरा वर्षं ठेवला होता त्याच उंचीवर स्टँड वेल्डिंग करून पक्का केला.

मी आनंदाने मामांना सांगायला गेलो. "वाचलात मामा. शिवाय तुमचीच पद्धत भिंतीवर लागली."

"बरं झालं," मामा म्हणाले. "आणि स्टँडपाशी मी काय करू?"

पक्क्या स्टँडला माणूस लागत नाही, पिशव्या बदलायला नर्स पुरते. मामांची धुलाईघरात बदली झाली. चौदा महिने त्यांनी चादरींच्या घड्या घातल्या आणि निवृत्त झाले.